खाकी कागदावरचे बूट

दादा,

तुझे कागद जळाले. आधी तेच सांगते, नाहीतर पुढचं काही बोलायला मला तोंड राहणार नाही.

तुला मसणात न्यायला निघाल्यावर बा वाटेतून परत आला. माळ्यावरची तुझी पत्र्याची पेटी त्याने खाली ओढली आणि खांद्यावर घेतली. मी दारात उभी होते. "त्याचं त्याच्यापाशी जाऊ दे," एवढंच तो म्हणाला. पेटीत कागद आहेत, याच्या पलीकडे बाला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. सात वर्षांचे बूट होते त्यात. नुसता हात आडवा केला असता तरी तो थांबला असता, बा माझं ऐकतो. मी हात आडवा केला नाही. का केला नाही, ते अजून कळलेलं नाही. तूच नाहीस तर कागद ठेवून काय करायचंय, असं काहीतरी त्या वेळी मनात आलं असेल. संध्याकाळी काका ओसरीवर बसून सांगत होते की चितेचं सरपण ओलं होतं, धरतच नव्हतं, ते कागद होते म्हणून बरं झालं.

मी उठून मागच्या अंगाला गेले.

लोक येतात, बसतात, सिकलसेलचा पोरगा होता, पंचवीस वर्षं काढली हेच खूप, असं म्हणतात आणि जातात. मी कोणाशी वाद घालत नाही. तुझं किती राहिलं होतं ते त्यांना कुठून सांगू? दाखवायला हातात काही नाही.

तू बूट काढायला लागलास ते माझ्यामुळे. मी आठवीत, तू दहावीत, दोघं एकाच आश्रमशाळेत. जिल्ह्याच्या धावण्याच्या स्पर्धेत अनवाणी चालणार नाही म्हणून शाळेने मला बूट दिले होते. निळे, नवेकोरे. लांबीला बरोबर बसले. मी तिसरी आले आणि परत येईपर्यंत दोन्ही करंगळ्यांची नखं काळी पडली होती. वसतिगृहातल्या मुली आधीच माझ्या पायांना हसायच्या, पुढून फावड्यासारखे पसरलेत म्हणायच्या. मला वाटलं, पायच असले, त्याला बूट काय करणार.

रविवारी तू मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी आलास. जुना पेपर जमिनीवर पसरलास, मला त्यावर उभं केलंस आणि पेन्सिलीने पायाच्या कडेकडेने रेघ मारलीस. मला गुदगुल्या होत होत्या, तू "हलू नको ग" म्हणून दटावत होतास. मग त्याच चित्रावर बुटाचा तळ ठेवून दुसरी रेघ मारलीस. माझा पाय बुटाच्या रेघेतून दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता. तू बराच वेळ बघत राहिलास.

"शारे, चूक तुझ्या पायाची नाय," तू म्हणालास.

तुला हे आठवत नसेल. मला तेरा वर्षांच्या आयुष्यात कोणी असं काही सांगितलं नव्हतं. माझी काही चूक नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुला धावता येत नव्हतं. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, कुठेतरी अडकतात आणि तिथे कळ येते, असं डॉक्टरांनी बाला हाताच्या बोटाचा कोयता करून समजावलं होतं. थंडीत तुझे गुडघे, पाठ, खुबा असा एकेक सांधा धरायचा. तू गोधडीचं टोक दातात धरून पडायचास आणि आवाज काढायचा नाहीस. पीटीच्या तासाला सर तुला कडेच्या सादड्याच्या झाडाखाली बसवायचे, पोरांच्या चपला सांभाळायला. तू म्हणायचास, मी माणसं ओळखायला तिथंच शिकलो, चपलेची कुठली बाजू झिजली ते बघून.

मग तुझा तो जुना फोन आला. घरात रेंज नाही, म्हणून तू पाड्यामागच्या उतारावर चढून बसायचास, खुब्यावर हात ठेवत, थांबत थांबत. कोणीतरी परदेशी माणूस त्यात बुटाचं चित्र काढायचा. त्याचं बोलणं तुला कळत नव्हतं. तू आवाज बंद करून फक्त त्याचा हात बघायचास. आधी जमिनीची रेघ. मग टाचेचा बाक, तो एका दमात यायला हवा, पेन उचलायचं नाही. मग चवड्यापाशी किंचित चढ. किती दिवस तू नुसते टाचेचे बाक काढलेस. वहीची पानंच्या पानं, बूट एकही नाही, फक्त टाचा. आई म्हणाली होती, "ह्याला बाकीचा बूट कव्हा येणार?"

त्या माणसाकडे होते तसे रंगाचे पेन जव्हारच्या दुकानात नव्हते. तो जो जाड पांढरा कागद वापरायचा तोही नव्हता. तू आठवडाभर उदास होतास. मग एक दिवस वहीला घालायचा खाकी कागद घेऊन आलास आणि मला जवळ बसवून दाखवलंस. कागद आधीच मधल्या रंगाचा आहे, म्हणजे अर्धं काम झालेलं. काळोख बॉलपेनने करायचा. रंगीत पेन्सिलीचं टोक ब्लेडने खरवडायचं, त्याची पूड कापसाने कागदावर फिरवायची, की रंग असा बसतो जणू कापडच. आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्या पेन्सिलीची एकच रेघ, जिथे उजेड पडतो तिथे. ती रेघ पडली की बूट कागदावरून उठून उभा राहायचा. त्या एका रेघेसाठी तू श्वास धरायचास. तुझ्याबरोबर मीही धरायचे.

त्या दुपारी मला वाटलं होतं की माझा भाऊ एक दिवस मोठा होणार. मी ते बोलले नाही. आपल्या घरात असं कोणी बोलत नाही.

बारावीनंतर तू मोखाड्याला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसायला लागलास. बसून करायचं काम होतं, ते तुला झेपत होतं. सुटीच्या दिवशी मात्र तू जव्हारला जायचास, बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडे. एकदा मीही आले होते. काकांनी पोत्याखालून एक लाकडी पाय काढून तुझ्या हातात दिला. "हा फर्मा. बूट माणसाच्या पायावर नाय बेतत पोरा, याच्यावर बेतत्यात." तू तो फर्मा उलटासुलटा करून बघितलास. गुळगुळीत, निमुळता, बोटं एकमेकांना चिकटलेली.

"काका, पण हा पाय कोणाचा?"

काका हसले. "कोणाचा म्हंजे? फर्म्याचा."

तू हसला नाहीस. दुसऱ्या रविवारपासून तू पाड्यातले पाय मोजायला लागलास. काखेत जुने पेपर, कानावर पेन्सिल, लंगडत घरोघर. लोकांना वाटलं, सरकारी सर्वे आहे. सोनू आजा पाय पुढे करून म्हणाला, "लिव, पण बूट कव्हा भेटणार ते बी लिव." भिवंडीहून सुटीला आलेला काशिनाथ म्हणाला, "कंपनी में भरती है क्या भाई?" भाताची आवणी करून आलेल्या बाया चिखलाच्या पायांनीच तुझ्या पेपरवर उभ्या राहिल्या आणि हसून हसून वाकल्या. तू सगळ्यांना तेच सांगत होतास: "काय नाय मिळणार. मला फक्त पाय बघायचाय." आणि लोक पाय दाखवत होते, कारण तू खोटं बोलला नाहीस.

त्या पेपरांवरून तू तुझा बूट काढलास. पुढून रुंद, बोटांना पसरायला जागा. टाच घट्ट. तळाला खाचा अशा, की बांधावरच्या चिखलात धरतील आणि दगडावर घसरणार नाहीत. बाजूला जाळी, ओढ्यातून गेलं की पाणी दुसऱ्या पावलाला बाहेर. कुठे नक्षी नाही, कुठे नाव नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हटलं, "साधाच दिसतोय." तू म्हणालास, "साधा दिसाय लागला म्हंजे जमलं."

आता त्या भांडणाकडे येते. मी ते टाळत होते.

तू डिझाइनच्या कॉलेजचा फॉर्म भरलास, लेखी परीक्षा पास झालास आणि मुलाखतीला बोलावणं आलं. चोवीस कागद तयार होते. आश्रमशाळेतले चित्रकलेचे सर खास घरी आले. त्यांनी कागद बघितले, चांगले आहेत म्हणाले, आणि मग म्हणाले, "योगेश, पण यात तू कुठे आहेस? आपल्या भागाचं काय आहे यात? बुटावर वारली काढ. तारप्याचा नाच, डोंगर, मोर. तुझ्याकडे जे आहे ते शहरातल्या एकाही पोराकडे नाही."

"सर, आपण वारली नाय," तू म्हणालास.

"अरे, ते त्यांना काय कळणार आहे?"

सर वाईट माणूस नाहीत. त्यांना तू आत जायला हवा होतास. मलाही हवा होतास. सर गेल्यावर मी तुझ्यामागे लागले. चार दिवस सोडलं नाही. तू म्हणायचास, बुटावर चित्र काढणं निराळं नि बूट काढणं निराळं. मी म्हणायची, एकच काढ. तू म्हणायचास, "ते वारल्यांच्या बायांचं हाय. लगीनघरात काढत्यात, त्याला काही रीत हाय, कोणी कधी काढायचं ते ठरलेलं हाय. मी ते उचलून टाचेला चिकटवू?" मी म्हणायची, "आधी आत तर जा. आत गेल्यावर काढ तुला काय काढायचं ते." आणि शेवटी मी ते म्हटलं जे म्हणायला नको होतं: "तुझा बूट आम्हाला कळतो दादा, कारण आम्ही अनवाणी आहोत. त्यांना तो कसा कळणार?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग एक खाकी कागद ओढलास आणि तासाभरात काढून माझ्यापुढे टाकलास. गेरूच्या रंगाचा बूट, त्यावर पांढऱ्या रेघांचा तारप्याचा फेर, टाचेवर डोंगर. "घे. तुझं."

मी म्हटलं, "हे सगळ्यात भारी हाय."

दादा, तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. मला ते खरंच आवडलं होतं. सात वर्षं तुझ्या शेजारी बसून मी एवढंच शिकले होते. तेच मला आता सहन होत नाही.

मुलाखतीला मी तुझ्याबरोबर आले होते. त्या कॉलेजच्या व्हरांड्यात आपल्यासारखं दिसणारं दुसरं कोणी नव्हतं, पण लोक नीट वागले, पाणी दिलं, बसायला सांगितलं. तू आत गेलास आणि मी मनात तुझे कागद मोजत बसले, आता पहिला दाखवत असेल, आता चौथा. मी नऊपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात तू बाहेर आलास. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. नाशिकला आपण बस बदलली. घाट लागल्यावर खिडकीकडे बघत सांगायला लागलास.

"पहिला बघितला. दुसरा बघितला. मग भराभर उलटले. वारलीवर थांबले. मग सगळेच वाकले. बाई म्हणाल्या, किती सुंदर. घरात कोण कोण काढतं, आजीने शिकवलं का, तांदळाचं पीठ वापरता का. मी म्हटलं, मॅडम, तो पायांचा कागद बघा, आमच्या पाड्यातले पाय मोजलेत मी. हो, हो, बघू म्हणाल्या."

"मग?"

"मग एक सर म्हणाले, तुमच्याकडे एवढी मोठी परंपरा आहे, ती सोडून या खेळाच्या बुटांच्या मागे कशाला लागलात? हे तर कोणीही करेल. गावात राहून ती कला पुढे न्या." तू मांडीवरचे कागद सरळ केलेस. "कोणीही," असं स्वतःशीच परत म्हणालास. मग माझ्याकडे वळलास. "शारे, तुझं चित्र पास झालं. मी नापास झालो."

त्या वेळी मी काय बोलले, ते तुला आठवत असणार. मी म्हटलं, "मी कुठं सांगितलं होतं ते वर ठेव म्हणून?"

"मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं," तू म्हणालास, आणि परत खिडकीकडे वळलास.

तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू फोन काढलास आणि एकेक करून त्यातले बुटांचे फोटो पुसलेस. मी शेजारी बसून बघत होते. यादी लागली तेव्हा तुझं नाव नव्हतं, पण ते तुला त्या बसमध्येच कळलं होतं. नंतर तू शाळेत गेलास आणि ते वारलीचं चित्र सरांना देऊन आलास. सरांना वाटलं, भेट दिली. त्यांनी ते काचेत बसवून ऑफिसात लावलं.

मला तुझी माफी मागायची होती. कितीदा तोंडाशी आलं. तू जेवायला बसलेला असायचास, किंवा दुकानातून दमून आलेला, किंवा आई समोर असायची. मग मला वाटायला लागलं की तू विसरला असशील. माणूस आपल्या सोयीने काय काय वाटून घेतो.

या पावसाळ्यात तू परत काढायला लागलास. मी वनरक्षकाच्या भरतीसाठी शाळेच्या मैदानावर धावत होते. तू कडेला छत्री घेऊन बसायचास, फोन जमिनीलगत धरून माझे पाय टिपायचास आणि मग सावकाश चालवून बघायचास. "तुझा डावा पाय आत पडतो. उजवा नाय पडत. मंग दोन्ही बूट सारखे कशाला?" तू एक वही नवी केली होतीस, फक्त माझ्या डाव्या पायासाठी. रोज म्हणायचास, बघ तरी. मी रोज म्हणायची, उद्या.

शेवटी एक दिवस मी वैतागले. पावसाने मैदानाचा चिखल झाला होता, माझी वेळ बसत नव्हती, दुकानातल्या बुटाने परत नख काळं केलं होतं. तू वही उघडून पुढे केलीस आणि मी म्हटलं, "दादा, चित्रातला बूट घालून धावू का मी? शिवणार कोण हाय ते? एक तरी बूट झाला का तुझा आजवर?"

तू वही मिटलीस. "नाय झाला," म्हणालास. एवढंच. मैदानातून घरापर्यंत तू माझ्या दोन पावलं मागे चालत होतास आणि मी मागे वळून बघितलं नाही.

चार दिवसांनी दुकानातून येताना जीप मिळाली नाही म्हणून तू भिजत चालत आलास. रात्रीत अंग थंड पडलं, सकाळी छातीत कळ आली. नेहमीची नव्हती ती, तू गोधडीचं टोक तोंडात धरलं नव्हतंस, तू ओरडत होतास. घरच्या काकांनी जीप आणली. मोखाड्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि लगेच नाशिकला न्या म्हणाले. घाटात आई तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी पायाशी.

तू दोन दिवस होतास. मला वाटत होतं, तू काहीतरी बोलशील. वहीबद्दल, बुटांबद्दल, कॉलेजबद्दल. मी उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. तू काही बोलला नाहीस. पाणी मागितलंस, पंखा बंद करायला सांगितलास, पाय दाबायला सांगितलेस. मी पाय दाबत बसले. दादा, तू सगळ्या पाड्याचे पाय बघितलेस, तुझे पाय मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. गोरे, मऊ, निमुळते, बोटं एकमेकांना चिकटलेली. तुला कोणी डोंगर चढू दिला नाही, शेतात उतरू दिलं नाही, म्हणून ते तसे राहिले होते. दुकानातल्या कुठल्याही बुटात ते सरळ बसले असते. तुला स्वतःसाठी नवा बूट काढायची काही गरजच नव्हती. जे काढलंस ते सगळं आमच्यासाठी काढलंस. हे मला तिथे, त्या खाटेच्या पायथ्याशी बसून कळलं, आणि तरी मी बोलले नाही. वाटलं, तुझा श्वास नीट लागू दे. घरी गेल्यावर सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई बाटली भरायला नळावर गेली होती. नर्स आली, तुझा हात धरला, मग खाली ठेवला. आई बाटली घेऊन आली तोवर त्यांनी पडदा ओढला होता.

भरतीची तारीख आली आणि गेली. मी गेले नाही. आईने सकाळी भाकरी करून बांधून ठेवली होती, बा म्हणाला, "पोराला बी बरं वाटंल, जा." मी बुटांची लेस बांधली, अंगणापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. डावा पाय टाकला की तू आठवतोस. तो आत पडतो हे आता मला कळतं, प्रत्येक पावलाला कळतं, आणि ते कसं सावरायचं ते पेटीबरोबर जळालेल्या त्या वहीत होतं. मी ती वही एकदाही उघडून बघितली नाही.

गेल्या आठवड्यात शाळेने तुझी शोकसभा ठेवली. हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो, आणि शेजारी काचेतला तो वारलीचा बूट. दोघांना सारखेच हार. जगात तुझ्या हातचं एवढंच चित्र उरलंय, दादा. जे तू माझ्यापुढे टाकलं होतंस ते.

सर बोलले. बोलता बोलता रडले, खरंच रडले. म्हणाले, योगेशने आपली माती आणि आपली कला बुटावर आणली. मग त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी ठरवून गेले होते. पाड्यातल्या पायांचं सांगायचं, फर्म्याचं सांगायचं, त्या बसमधलं सांगायचं. हे चित्र त्याला आवडत नव्हतं, ते मी त्याच्याकडून काढून घेतलं, हेही सांगायचं. मी उभी राहिले आणि समोर बा दिसला. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, धुतलेला सदरा घालून. शाळेत कोणी बाला आजवर खुर्ची दिली नव्हती. तो त्या चित्राकडे बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचं तोंड जरा सैल पडलं होतं.

मी म्हटलं, "दादाला वारली कलेची फार आवड होती." आणि खाली बसले.

लोकांनी टाळ्या नाही वाजवल्या, पण माना हलवल्या. सरांनी तिथेच सांगितलं की शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर हे चित्र मोठं करून काढायचं, खाली तुझं पूर्ण नाव घालायचं, घरच्यांची हरकत नसेल तर. बा उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "काढा साहेब." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही हो म्हटलं.

काम सुरू झालंय. गेरू लावून झालाय, आता पांढऱ्या रेघा चालल्यात. बा रोज दुपारी तिकडे जातो, समोरच्या दगडावर बसतो, जेवायच्या वेळेला परत येतो. आई म्हणते, बरं आहे, त्याचा जीव तेवढाच रमतो. तुझी पेटी त्याने कधी उघडून बघितली नव्हती. तू घरात नसताना तो तुझ्या वस्तूंना हात लावत नव्हता, पोराचं लिहिण्याचं काम आहे म्हणायचा.

काल जेवताना त्याने घास हातातच ठेवला आणि मला विचारलं, "शारे, असे किती काढले होते ग त्याने?"

आई माझ्याकडे बघत होती. मी ताटाकडे बघितलं.

"लय काढले होते बा," मी म्हटलं. "सगळे असेच होते."

बाने मान हलवली आणि तो जेवायला लागला.